पहिला चरा

गेल्या विजयादशमीस आमच्या पुण्याच्या वसाहतींत एक नवी मोटारसायकल आली. तिला झेंडूची माळ घालण्यांत आली, टांकीवर कुंकवाचें स्वस्तिक रेखण्यांत आलें, पुढच्या चाकाखालीं लिंबू ठेवून तें चिरडण्यांत आलें, घरोघर पेढे वाटण्यांत आले. आणि एवढें झाल्यावर तिच्यावर करड्या रंगाचें आच्छादन घालून तिला वाहनतळाच्या कोपऱ्यांत उभी करण्यांत आली. तेथें ती बहुतेक अद्याप उभीच आहे. गाडीचे मालक सुशिक्षित, सुस्वभावी व चांगल्या वेतनाचे तरुण गृहस्थ आहेत. रोज सकाळीं ते आच्छादन काढतात, कोरड्या फडक्यानें गाडी नखशिखांत पुसतात, पुन्हा आच्छादन घालतात, आणि कंपनीच्या बसनें कचेरीस जातात. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या कीं तिसऱ्या रविवारीं हा विधि चालू असतां शेजारच्या सात वर्षांच्या मुलाची सायकल कलंडली, तिच्या ब्रेकच्या दांडीचें टोंक नव्या गाडीच्या टांकीस लागलें, आणि चार बोटें लांबीचा एक चरा उमटला. तरुण गृहस्थांनीं मुलाच्या थोबाडींत दिली.

एवढ्यावरून लेख लिहावयास आम्ही बसलों नसतों. थोबाडींत देणें वाईट, याविषयीं वसाहतींत दुमत नव्हतें. खुद्द त्या गृहस्थांसहि संध्याकाळपर्यंत वाईट वाटलें आणि मुलास चॉकलेट पोंचलें. परंतु त्या दिवशीं जिन्याजिन्यांतून जी चर्चा झाली तिचा सूर असा होता कीं, मारणें हा अतिरेक झाला, पण दुःख रास्त होतें. "नवी कोरी गाडी हो, पहिलाच चरा, कोणाचाहि जीव तुटेल!" आमचें भांडण मारण्याशीं नाहीं, त्याचा निकाल लागला आहे. आमचें भांडण या 'रास्त' शब्दाशीं आहे. तें दुःख रास्त नव्हतें. आणि ज्या समाजांत असलें दुःख रास्त ठरतें त्या समाजांत आज ना उद्यां कोणाच्या तरी गालावर बोटें उठावयाचींच.

प्रथम चरा म्हणजे काय तें पाहूं. गाडीच्या पत्र्यावर आधीं प्राइमरचा हात, त्यावर रंग, आणि सर्वांत वर चकाकीचा पारदर्शक लेप, असे थर असतात. हे सारे मिळून साधारणपणें शंभर ते दीडशें मायक्रॉन भरतात, आणि त्यांत वरचा लेप चाळीस-पन्नास मायक्रॉनांचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केंस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या वस्तूपायीं एका मुलानें मार खाल्ला ती वस्तु त्याच मुलाच्या केंसाहून पातळ होती. चरा खोल जाऊन पत्रा उघडा पडला तर तेथें गंज धरेल, हें खरें; त्यावर उपाय म्हणजे त्या रंगाचा एक ठिपका लावणें, आणि तें काम फार तर अर्ध्या तासाचें आहे. पायांत कांटा रुतला तर तो काढावयाचा असतो. त्याचें सुतक धरावयाचें नसतें.

यांतली मौज अशी कीं, चरे पाडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कोरड्या फडक्यानें धूळ पुसणें. रस्त्याच्या धुळींत वाळूचे कण असतात आणि ते या लेपाहून कठीण असतात. फडक्याखालीं सांपडून ते गोल गोल फिरतात; मग उन्हांत तिरकस पाहिलें म्हणजे टांकीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या वर्तुळाकार रेषा दिसूं लागतात. या रेषा प्रेमाच्या असतात. आमच्या तरुण शेजाऱ्यांनीं महिन्याभरांत स्वहस्तें असे शेंकडों चरे आपल्या गाडीवर काढले असतील. त्या मुलाच्या नांवावर एकच निघेल. तो मुलगा हिशेबी असता तर चॉकलेट घेतांना त्यानें हें बोलून दाखविलें असतें.

पण रंगाचा प्रश्न वरवरचा झाला. खरी गोष्ट ही कीं, मोटारसायकल नांवाची वस्तु चऱ्यांवांचून चालतच नाहीं. कारखान्यांत सिलिंडर तयार होतो तेव्हां त्याची आंतली भिंत आरशासारखी गुळगुळीत सोडीत नाहींत. घासणीचे दगड फिरवून तिच्यावर एकमेकांस छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी मुद्दाम काढतात. या क्रियेस होनिंग म्हणतात. त्या रेघांत तेल टिकून राहतें, आणि त्यांच्या बारीक कडांवर घासून पिस्टनच्या रिंगांचा भिंतीशीं मेळ बसतो. हा मेळ कारखान्यांत बसवून मिळत नाहीं. तो रस्त्यावर बसतो. पहिले पांचशें-हजार किलोमीटर गाडी बेतानें, वेग कमीजास्त करीत चालवा, एकाच वेगानें दामटूं नका, असें जें पुस्तिकेंत लिहिलेलें असतें त्याचें एक मुख्य कारण हें आहे. टायरांची गोष्ट तशीच. नव्या टायरचें अंग निसरडें असतें. शंभर-दीडशें किलोमीटर रस्त्यानें त्याला खरवडल्यावांचून त्यास नीट पकड येत नाहीं. ब्रेकचीं पॅडेंहि तबकडीशीं घासून घासूनच तिच्याशीं जुळतात. म्हणजे दुकानांतून जी बाहेर येते, आणि जिच्या कोरेपणाचें एवढें कौतुक होतें, ती वस्तुतः गाडी नव्हेच. तो गाडीचा कच्चा माल होय. कारखानदारानें आरंभ केलेलें काम धन्यानें पुरें करावयाचें असतें, आणि तें घासण्याचेंच काम आहे. आमचे शेजारी ज्या अवस्थेचें रक्षण करीत आहेत ती गाडीच्या अपुरेपणाची अवस्था आहे.

बरें, उभी ठेवून तरी ती नवी राहते काय? बॅटरी उतरते. पेट्रोल शिळें होतें. त्यांत हल्लीं आपल्याकडे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, तें हवेंतली ओल ओढून घेतें. टायर एकाच जागीं भार घेऊन तेथें चपटे पडतात. पावसाळ्यांत आच्छादनाखालीं दमट हवा कोंडते आणि साखळीवर गंजाची पूड दिसूं लागते. चालवून झिजलेल्या गाडीनें निदान कोणास तरी कोठें तरी पोंचविलेलें असतें.

दसऱ्यास गाडीची पूजा कां करतात, याचाहि विचार या पुजाऱ्यांनीं केलेला दिसत नाहीं. खंडेनवमीस हत्यारें व अवजारें घासूनपुसून पुजण्याची जी चाल आहे तिचाच हा वंश आहे. शिपायाची तलवार, सुताराची करवत, शेतकऱ्याचा नांगर यांची पूजा होते ती दुसऱ्या दिवसापासून तीं कामास जुंपावयाचीं म्हणून. आणि दसऱ्याच्या दिवशीं पूजेनंतर काय करावयाचें असतें? सीमोल्लंघन! गांवची शीव ओलांडून जावयाचें आणि सोनें घेऊन परतावयाचें. ज्याची गाडी पुजली गेली पण वाहनतळाच्या फाटकाबाहेर पडली नाहीं, त्यानें अर्धाच सण केला, आणि तोहि खाण्याचा अर्धा.

आमच्या आजीच्या पिढीस हें शहाणपण होतें. घरांत नवें पातेलें किंवा नवी घागर आली कीं पहिलें काम म्हणजे तिच्यावर नांव घालून घेणें. पूर्वीं छिन्नी-हातोडीनें टिंबाशेजारीं टिंब पाडीत. पुढें विजेची सुई आली. दुकानाच्या पायरीवर बसलेला तो माणूस कोऱ्या, लखलखीत भांड्यास पहिला ओरखडा काढी आणि आजी समाधानानें पाही. नांव पडेपर्यंत भांडें दुकानाचें. नांव पडल्यावर आमचें. त्या भांड्याचीं पुढें किती लग्नकार्यें झालीं, तें किती वेळां शेजारीं गेलें आणि नांवामुळें परत आलें, किती वेळां पोंचा पडून पुन्हां ठोकून घेतलें, यांतच त्याची प्रतिष्ठा होती. आजच्या दिवाणखान्यांतल्या कांचेच्या कपाटांत जी पेल्यांची रांग 'पाहुण्यांकरितां' म्हणून उभी असते, आणि पाहुणे आले तरी बाहेर निघत नाहीं, ती आमच्या आजीस दाखविली असती तर तिनें विचारलें असतें, "मग घेतले कशाला?" असो.

यावर आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे, कारण तो आमच्याच घरांत निघाला. 'वस्तु जपून वापरावी हें तुम्हींच मुलांना शिकविलें ना? आपल्या आईबापांनीं एकेक वस्तु जपली म्हणून संसार झाले. आतां जपणें हा दोष झाला?' हा आक्षेप हलका नाहीं. कर्ज काढून, तीन-तीन वर्षें हप्ते फेडून ज्यांनीं घरांतली पहिली गाडी घेतली त्यांच्या काळजीस हंसण्याचा अधिकार कोणासहि नाहीं, आणि आमची तशी इच्छाहि नाहीं. परंतु अशा माणसांची काळजी कोणत्या जातीची असते तें जरा बघावें. सकाळीं सातारा किंवा कोल्हापूर रस्त्यावर उभें राहिलें म्हणजे दुधाच्या किटल्या दोन्ही अंगांस टांगलेल्या मोटारसायकली जातांना दिसतात. मागच्या बाकावर वैरणीचा भारा असतो, कधीं पेंडीचें पोतें असतें. त्या गाड्यांच्या बाजूंवर रंग म्हणून राहिलेला नसतो. पण त्यांची साखळी ओढून पाहावी: नेमकी हवी तेवढी सैल. तेल वेळेवर बदललेलें असतें, टायरांत हवा बरोबर असते, ब्रेक लागतो. तो दूधवाला गाडीस जपतो, कारण ती बंद पडली तर दूध नासेल. आमचे शेजारी गाडीस भितात. दोहोंस एकच शब्द लावूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे. जपणारा माणूस वस्तूच्या कामाकडे पाहतो आणि भिणारा तिच्या कातडीकडे. जपणाऱ्याच्या घरीं वस्तु शेजाऱ्यास मिळते, भिणाऱ्याच्या घरीं ती पोटच्या पोरासहि मिळत नाहीं. आणि विलक्षण हें कीं, हें भय ज्याची जोखीम सर्वांत मोठी त्यास नसून, ज्यास दुसरी गाडी सहज घेतां येईल त्यास अधिक असतें.

हें भय दुरुस्तीसहि आड येतें. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचें 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स' हें पुस्तक १९७४ सालीं निघालें आणि जगभर वाचलें गेलें. त्यांत लेखकाच्या सोबत्याची एक उंची जर्मन मोटारसायकल आहे. तिचें हँडल सैल पडून सरकूं लागतें. लेखक सुचवितो कीं बिअरच्या डब्याची पत्री कापून फटींत बसवूं, काम चोख होईल. सोबत्यास हें अपमानास्पद वाटतें. एवढ्या घरंदाज यंत्रांत डब्याचा पत्रा! लेखकानें या प्रसंगावरून जीं तत्त्वें काढलीं आहेत तीं आमच्या विषयाबाहेरचीं आहेत. आम्हांस इतकेंच दिसतें कीं, एका गृहस्थास सैल हँडल चाललें, पण यंत्राची अब्रू गेलेली चालली नाहीं. उलट टेड सायमन या इंग्रज पत्रकारानें १९७३ सालीं पांचशें सी. सी. ची एक ट्रायंफ मोटारसायकल घेतली आणि चार वर्षें तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारें एक लक्ष किलोमीटर. तो हिंदुस्थानांतहि येऊन गेला. ती गाडी कॉव्हेंट्रीच्या वाहतूक-संग्रहालयांत ठेवलेली आहे. ती तेथें ठेवली ती कोरी राहिली म्हणून नव्हे.

पुनर्विक्रीच्या किंमतीचा मुद्दा राहिला. तो आम्ही पुढें एका दूधवाल्याच्या तोंडून ऐकविणार आहों.

तत्पूर्वी एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधणें जरूर आहे. आपल्याकडील मोटारसायकलींस मागच्या चाकाच्या बाजूस जी जाळी असते तीस साडीगार्ड म्हणतात. ती हौसेची वस्तु नव्हे; मागें बसणाऱ्याच्या हातास धरावयास कांहीं तरी असावें, पाय ठेवावयास जागा असावी, आणि वस्त्र चाकांत अडकूं नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकलेला असावा, असा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियमच आहे. साडीचा पदर किंवा ओढणी चाकांत गुंतून काय होतें हें ज्यानें एकदां पाहिलें त्यास या जाळीचें मोल सांगावें लागत नाहीं. आतां आमच्या शेजाऱ्यांनीं काय केलें? गाडी घरीं आल्यावर पहिल्याच आठवड्यांत त्यांनीं साडीगार्ड काढून टांकलें, कारण त्यानें गाडीची आकृति बिघडते. आणि त्याच आठवड्यांत टांकीवर रंगाच्या रक्षणार्थ हजारों रुपयांचा सिरॅमिक लेप चढवून घेतला. माणसाचें रक्षण करणारी वस्तु निघाली, रंगाचें रक्षण करणारी चढली. असें करणारे ते एकटेच नाहींत. कोणत्याहि महाविद्यालयाच्या वाहनतळावर जाऊन साडीगार्ड काढलेल्या गाड्या मोजाव्या. आमच्या महाविद्यालयांत आम्हीं तो प्रयोग केला आणि निम्म्यावर कंटाळून सोडून दिला.

आम्हीं त्या तरुण गृहस्थांस हें सारें बोलून दाखविलें तेव्हां ते हंसून म्हणाले, "काका, तुम्हांला नव्या गाडीची हौस कळायची नाहीं." यामुळें पुढची हकीकत सांगणें प्राप्त झालें, एरव्हीं ती आम्हीं कोणास सांगितली नसती.

१९९५ सालीं आम्ही साताऱ्यास एका महाविद्यालयांत नवे अध्यापक होतों आणि कर्ज काढून काळ्या रंगाची एक यामाहा आर्. एक्स्. १०० घेतली होती. तिचीं क्रोमचीं मडगार्डें आम्ही रोज पुशीत असूं, हें वेगळें सांगावयास नकोच. आमचे वडील निवृत्त शाळामास्तर. त्यांस आम्ही अण्णा म्हणत असूं. गुडघ्यांमुळें ते काठी घेऊन चालत, आणि त्या काठीच्या टोंकास लोखंडी शेंबी होती. त्यांची पहिली नेमणूक वाईच्या पलीकडे एका खेड्यांतल्या शाळेवर झाली होती. ती शाळा पुन्हां एकदां पाहावी असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. सातारा ते वाई अंतर अवघें पस्तीस किलोमीटर आणि पुढें थोडा कच्चा रस्ता. सकाळीं निघून दुपारच्या जेवणास परत येतां आलें असतें. त्यांनीं प्रथम विचारलें तेव्हां पावसाळा होता, आणि चिखलाची सबब खरी होती. दुसऱ्या वेळीं आम्हीं उत्तरपत्रिकांची सबब सांगितली, ती अर्धी खरी होती. तिसऱ्या वेळीं, दिवाळीच्या सुटींत, ते धोतराचा सोगा खोंवून, टोपी घालून अंगणांत येऊन उभेच राहिले. पाय टांकून बसावयासाठीं त्यांनीं काठी गाडीस टेकली, आणि आम्ही ओरडलों. काठी कोठें लागली होती? मडगार्डास नुसती टेकली होती. आम्ही म्हणालों, "अण्णा, एस्. टी. नें जाऊन या ना. काठी घेऊन गाडीवर जमायचें नाहीं." ते म्हणाले, "बरं." आणि आंत जाऊन त्यांनीं टोपी खुंटीस लावली. त्यांनीं पुन्हां विचारलें नाहीं. एस्. टी. नेंहि ते गेले नाहींत. १९९७ च्या फेब्रुवारींत ते वारले.

१९ व्या शतकांतल्या इंग्रजी कादंबऱ्या शिकविण्यांत आमचा जन्म गेला. माणसें वस्तूंचीं गुलाम कशीं होतात यावर आम्हीं वर्गांत किती तरी तास बोललों आहों, आणि विद्यार्थ्यांनीं तें उतरूनहि घेतलें आहे. त्या दिवाळीच्या सकाळीं तें बोलणें आमच्या कामास आलें नाहीं.

२००१ सालीं आम्हीं ती गाडी विकली. घेणारा जावळीकडचा एक दूधवाला होता. आम्हीं ती आदल्या दिवशीं धुवून लखलखीत करून ठेविली होती. त्यानें रंगाकडे पाहिलें नाहीं. त्यानें किक मारली, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला, नळकांड्यांतून येणाऱ्या धुरासमोर तळहात धरून तो हुंगला, पुढचें चाक उचलून फिरवून पाहिलें, इंजिनाचा व सांगाड्याचा नंबर कागदांशीं ताडून घेतला, आणि बाजारांत त्या सालच्या गाडीस जी किंमत होती तीच सांगितली. आम्ही म्हणालों, "अहो, पाहा तरी, एकहि चरा नाहीं." त्यानें प्रथमच गाडीकडे जरा दूर होऊन पाहिलें आणि विचारलें, "मंग सर, फिरवली कुटं तुमी?" किंमत त्यानें वाढविली नाहीं. किटल्या अडकविण्याचे लोखंडी आंकडे तो पिशवींतून बरोबरच घेऊन आला होता. आमच्या अंगणांतच त्यानें ते पान्ह्यानें आवळून बसविले. आंकडा बसवितांना मडगार्डावर एक लांब रेघ उठली. अण्णांची काठी त्या वेळीं आंतल्या दाराआड होती.

आमच्या शेजाऱ्यांच्या घरीं त्यांच्या मातोश्री असतात. बासष्ट-त्रेसष्ट वर्षांच्या आहेत, प्रकृतीनें धडधाकट आहेत. मुलाच्या नव्या गाडीवरून एकदां आळंदीस जाऊन यावें असें त्या आमच्या घरांत दोनदां बोलल्या, आणि त्याच्यापाशीं एकदां. आळंदी आमच्या वसाहतीपासून वीस किलोमीटरांच्या आंत आहे. गाडीच्या घड्याळांत, आम्हीं काल वांकून पाहिलें, ४१ किलोमीटर पडलेले आहेत. साडीगार्ड माळ्यावर वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेलें आहे. तें बसवावयास दोन-तीन बोल्ट आणि एक पान्हा लागतो. पान्हा आमच्याकडे आहे.